बेसूर आणि बेस सूर

मराठी माणसांना एकत्र गाता येत नाही, असा एक जुना आरोप आहे. तो करणाऱ्यांनी गणेशोत्सवातली आरती ऐकलेली नसावी. चाळीतली घ्या, कॉलनीतली घ्या, नाहीतर आमच्या बँकेतली घ्या. झांजवाला सर्वांच्या पुढे, टाळ्या मागे आणि गाणारे मध्ये कुठेतरी. एकाने काळी एक धरलेली असते, दुसऱ्याने पांढरी चार. तिसऱ्याने सूर धरलेलाच नसतो. त्याने प्रसादाच्या ताटावर नजर धरलेली असते. चौथा फक्त शेवटच्या अक्षराला येतो, पण असा येतो की गणपतीने दचकावं. म्हणजे एकाच वेळी चार निरनिराळे सूर लावण्याची विद्या आपल्याकडे घरोघर आहे. फक्त आपण ते ठरवून करत नाही, एवढंच.

ठरवून करतात ते इंग्रजांच्या चर्चमधले लोक. गाणाऱ्यांच्या त्या ताफ्याला ‘क्वायर’ म्हणतात. त्यात चार जातीचे आवाज असतात. सोप्रानो म्हणजे सर्वांत वरचा, बायकांचा किंवा लहान पोरांचा. त्याच्याखाली आल्टो, त्याच्याखाली पुरुषांचा टेनर आणि तळघरात बेस. चौघांनी एकच गाणं एकाच वेळी गायचं, पण स्वर प्रत्येकाचे वेगळे. मी पडलो बी.कॉम. संगीतातलं मला फारसं कळत नाही, पण हिशेब कळतो. आपण दुहेरी नोंद पद्धती शिकलो, ही चौहेरी नोंद. चार रकाने, प्रत्येकात आकडा निराळा, आणि दर मात्रेला आडवी बेरीज जुळलीच पाहिजे. एका मात्रेला जरी नाही जुळली, तरी सगळ्या चर्चला कळतं. आमच्याकडे बेरीज जुळली नाही तर रात्री नऊपर्यंत बसून शोधता तरी येते. तिथे ती सोय नाही.

ही शिस्त ज्या पंथात मुरली, तो इंग्लंडचा अँग्लिकन पंथ. त्याची जन्मकथा कुठल्याही बँकवाल्याला चटकन समजेल. आठव्या हेन्री राजाने १५३४ साली रोमच्या हेड ऑफिसशी संबंध तोडले आणि स्वतःच अध्यक्ष झाला. कारण घरगुती होतं, पण ठराव मात्र रीतसर पार्लमेंटात झाला. मग १५४९ साली सगळ्या शाखांना एकच परिपत्रक गेलं, म्हणजे इंग्रजी भाषेतलं सामाईक प्रार्थनेचं पुस्तक. पुढे १६६२ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. सकाळी काय म्हणायचं, संध्याकाळी काय म्हणायचं, सगळं छापील. बायबलातली १५० स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांवर, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली. एकतीस तारीख आली की तिसाव्या दिवसाचीच पुन्हा म्हणायची. कारकुनाच्या हातचं काम आहे हे, मला शंका नाही!

या पंथातली संध्याकाळची प्रार्थना मुख्यतः गाऊन होते. उजेड कमी होत आलेला, रंगीत काचांतून शेवटची तिरीप, आणि चार आवाज एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे चाललेले.

आता हे सगळं आमच्या वर्ध्याकडे कसं आलं? आलं ते रेल्वेने. वर्धा हे गाव तसं पोरसवदा. जिल्हा झाला १८६२ साली, गाव वसलं १८६६ साली, आणि १८६७ साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली. आगगाडीबरोबर इंग्रज इंजिनियर, गार्ड, ड्रायव्हर आले. कामठीला छावणी तर आधीपासूनच होती. साहेब जिथे जाई तिथे तीन गोष्टी नेई: क्लब, दफनभूमी आणि चर्च. पहिल्या दोहोंची गरज आठवडाभर, तिसरीची रविवारी. १९०३ साली नागपूरला बिशपची गादीच आली. पण ते गाणं साहेबाचं, साहेबासाठी, साहेबाच्या भाषेत. आपला मनुष्य बाहेर टांग्याशी उभा.

आपल्या लोकांचा आणि अँग्लिकन पाद्र्यांचा गाजलेला संबंध आला तो पुण्यात, आणि तोही चहामुळे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला काही प्रतिष्ठित मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा आला. कोणी प्यायला, कोणी कप तसाच ठेवला. गोपाळराव जोशी नावाच्या खट्याळ गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात जाहीर करून टाकली! मग बहिष्कार, शंकराचार्यांकडे फिर्याद, प्रायश्चित्त, सगळं रामायण झालं. याच मिशनचं दगडी चर्च पाच वर्षं आधीच उभं राहिलेलं. पण तिथे गातात काय, याची चौकशी त्या गदारोळात कोणी केल्याचं मी वाचलेलं नाही. तोंडात काय गेलं याची आपल्या समाजाला फार काळजी. कानात काय गेलं, याची नाही. कानाला प्रायश्चित्त नसतं.

एक टिळक असे चहाने अडचणीत आले. दुसरे टिळक, रेव्हरंड नारायण वामन, १८९५ साली सरळ ख्रिस्तीच झाले. ते अमेरिकन मिशनचे, अँग्लिकन नव्हेत. पण मराठी चर्चमधल्या गाण्याचा विषय काढायचा आणि त्यांना वगळायचं म्हणजे बँकेचा ताळेबंद मांडून ठेवी गाळण्यासारखं आहे. त्यांच्या आधीची बरीचशी प्रार्थनागीतं म्हणजे इंग्रजी चालीत बसवलेली मराठी भाषांतरं. आता इंग्रजी चाल आणि मराठी ऱ्हस्व-दीर्घ यांचं नातं सासू-सुनेसारखं. चाल जिथे लांबवायची तिथे शब्द आखडतो, आणि शब्द जिथे लांबतो तिथे चाल संपलेली असते. टिळकांनी अभंग घेतला, ओवी घेतली, भजन घेतलं आणि येशूला वारकऱ्यांच्या बोलीत हाक मारली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पेटी, तबला आणि झांजा मराठी चर्चमध्ये अशा सन्मानाने येऊन बसल्या. म्हणजे इंग्रज साहेब चार सुरांत गात होता आणि मराठी ख्रिस्ती माणूस एका सुरात, तालावर. दोघंही आपापल्या जागी सुखी होते.

पण या गाण्याला वर्धा जिल्ह्यात तिसरी वाट फुटली, आणि ती चर्चमधून गेलीच नाही. ती गेली एका पिंपळाखालून.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. (पुढे गजानन महाराजांच्या शेगावशी पत्रांची गल्लत होऊ लागली, म्हणून १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ झालं. नाव बदलायला पोस्टखात्याची अडचण हे मला अत्यंत सात्त्विक कारण वाटतं.) तिथे मोकळ्या मैदानात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई. प्रार्थनेचा हा रिवाज साबरमतीपासूनचा, आणि बांधणीत अँग्लिकनांच्या फार जवळचा. त्यांची स्तोत्रं तीस दिवसांत पुरी, यांची गीता आधी चौदा दिवसांत आणि मग सात दिवसांत पुरी. शिवाय साबरमतीला संध्याकाळच्या प्रार्थनेत हजेरी घेत आणि प्रत्येकाने किती सूत कातलं ते सांगावं लागे. देवाच्या दारात हजेरीपट आणि उत्पादनाचा आकडा! असा संत फक्त बनियाच्या घरातच जन्माला येऊ शकतो.

प्रार्थनेच्या गाण्यांची जी ‘आश्रम भजनावली’ झाली, ती तयार करणारे आपले नारायण मोरेश्वर खरे. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पक्के शास्त्रोक्त गवई. १९३० साली दांडीच्या यात्रेतही ते होते. आपले तुकोबा त्या भजनावलीत आहेत, मीराबाई आहेत, नरसी मेहता आहेत. आणि त्यांच्या पंगतीला दोन अँग्लिकन पाद्र्यांचीही आठवण काढावी लागते. ही दोन्ही गाणी गांधीजींच्या अत्यंत आवडीची.

पहिला पाद्री जॉन हेन्री न्यूमन. १८३३ साली हा सिसिलीत तापाने आजारी पडून घरी निघाला होता. बोट मिळाली ती संत्री वाहून नेणारी! वारा पडला आणि बोनिफासिओच्या सामुद्रधुनीत बोट आठवडाभर जागच्या जागी. संत्र्यांच्या राशीत अडकून पडलं म्हणजे काय होतं, ते आम्हां विदर्भवाल्यांना कोणी सांगायला नको. पण आम्ही अशा वेळी भाव काय चाललाय ते विचारतो. न्यूमनने गाणं लिहिलं. दूरचं दिसू नये, पुढचं एक पाऊल दिसलं तरी पुरे, अशा अर्थाचं. नरसिंहराव दिवेटियांनी ते गुजरातीत आणलं. न्यूमनने पुढे १८४५ साली अँग्लिकन शाखेतलं खातं बंद करून रोमच्या हेड ऑफिसमध्ये उघडलं आणि तिथे कार्डिनल झाला. गाणं मात्र दोन्हीकडे चालू राहिलं. गाण्याला खातं बदलावं लागत नाही.

दुसरा पाद्री हेन्री फ्रान्सिस लाइट. इंग्लंडच्या किनाऱ्यावर ब्रिक्सहॅम नावाच्या कोळ्यांच्या गावाचा हा धर्मगुरू. क्षयाने पोखरलेला. १८४७ साली गावाचा निरोप घेताना त्याने एक गाणं मागे ठेवलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आजच्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर तो वारला, अशी प्रचलित हकिगत. ‘अबाइड विथ मी’ हे त्या गाण्याचं नाव. सांज होतेय, अंधार दाटतोय, बाकीचे सोबती गेले, देवा, तू थांब, एवढाच त्याचा अर्थ. चौदा वर्षांनी, १८६१ साली, विल्यम हेन्री मंक नावाच्या चर्चच्या वादकाने त्याला चाल दिली आणि मग ते जगभर गेलं. इंग्लंडात १९२७ पासून फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्याआधीही ते गातात. मृत्यूचं गाणं फुटबॉलला कशाला, असा प्रश्न पडेल. सामना हरणाऱ्या बाजूला विचारा.

ही गाणी आश्रमात आणून सोडणारी माणसंही एकेक नमुना. चार्ली अँड्र्यूज, म्हणजे आपले दीनबंधू, मूळचे अँग्लिकन पाद्री. १९२४ साली हिंदू-मुसलमान ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत एकवीस दिवसांचा उपास केला. तो ८ ऑक्टोबरला सुटला, तेव्हा इमामसाहेब बावझीर यांनी कुराण म्हटलं, अँड्र्यूजनी येशूच्या क्रुसाचं गीत गायलं आणि विनोबांनी उपनिषद म्हटलं. विनोबा म्हणजे आमच्या वर्ध्याच्याच आश्रमाचे. पुढे मीराबेन. इंग्रज अ‍ॅडमिरलची मुलगी, बेथोव्हेनच्या संगीताची वेडी. बेथोव्हेनपायी रोमाँ रोलाँकडे गेल्या, रोलाँनी गांधींचं नाव सांगितलं, आणि १९२५ साली बाई साबरमतीला हजर झाल्या. सेवाग्रामची बापूकुटी मुळात त्यांची झोपडी. बेथोव्हेनपासून निघून कुडाच्या भिंती सारवण्यापर्यंत पोचलेला दुसरा श्रोता मला माहीत नाही. त्यांना आश्रमाची भजनं कळावीत म्हणून १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्यांचं इंग्रजी केलं. म्हणजे हा व्यवहार एकतर्फी नव्हता. जमेला न्यूमन आणि लाइट होते, तर खर्चाच्या बाजूला तुकाराम इंग्रजीत गेला होता.

आणि माझे विशेष लाडके जे. सी. कुमारप्पा. तमिळ ख्रिस्ती, लंडनला शिकलेले हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठाचे पदवीधर. सगळं सोडून वर्ध्याच्या मगनवाडीत घाणीचं तेल आणि हातकागद यांचं अर्थशास्त्र मांडत बसले, आणि तुरुंगात गेले तेव्हा येशूच्या शिकवणुकीवर पुस्तक लिहून आले. जगातल्या कुठल्याही हिशेबतपासनिसाबद्दल मला प्रेम वाटणं ही धंद्याशी बेइमानी आहे, पण यांच्याबाबतीत इलाज नाही.

पिंपळाखाली अर्थात क्वायर नव्हता, चार सूर नव्हते. इंग्रजी गाणंसुद्धा जमिनीवर मांडी घालून, जो तो आपल्याला झेपेल तसं म्हणणार. शुद्ध अँग्लिकन कान तिथे नक्की दुखला असता. पण मला वाटतं, तिथे चार आवाज नव्हते तरी पाच रकाने होते. गीता, कुराण, जपानी भिक्षूंमुळे आलेला बौद्ध मंत्र, पारशी प्रार्थना, ख्रिस्ती गीत. कोणाचंही दुसऱ्यात भाषांतर करून टाकलेलं नाही. प्रत्येकाचा स्वर वेगळा, आणि आडवी बेरीज जुळवायची.

ही बेरीज म्हणजे काय, ते मला पुस्तकातून कळलं नाही. आम्ही लहानपणी रेल्वेलाइनीजवळ राहत होतो. शेजारी एक निवृत्त गार्ड होते. आई त्यांना ‘गार्डभाऊ’ म्हणे, ते तिला ‘वहिनी’. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत. झोपण्याआधी गार्डभाऊ कठड्याशी उभे राहून काहीतरी गात. काहीतरीच म्हणायला पाहिजे, कारण त्याला चाल अशी नव्हतीच. खर्जात एकच स्वर चार वेळा, मग थोडा खाली, मग पुन्हा तोच. मालगाडी लांबून यावी तसं.

एकदा माझ्या वडिलांनी विचारलंच, ‘‘गार्डसाहेब, हे कोणतं गाणं गाऊन राहिले तुम्ही रोज?’’

‘‘ ‘अबाइड विथ मी’, मास्तर.’’

‘‘पण हे तर रेडिओवर येते. त्याची चाल अशी नाही न!’’

‘‘चाल सोप्रानोकडे राहते,’’ गार्डभाऊ म्हणाले. ‘‘मी बेस. बेसला चाल मिळत नाही, मास्तर. त्याने खालून धरून ठेवायचं राहते फक्त.’’

मग त्यांनी सांगितलं. नोकरीच्या काळात चर्चमध्ये ते चौघं गात. वरचा आवाज त्यांच्या पत्नीचा. ती वारली. आल्टो गाणारी बाई मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेली. टेनर इटारसीला बदलून गेला आणि तिथेच संपला. चौघांच्या गाण्यातला एकटा बेस उरला होता, आणि तो रोज रात्री आपला रकाना इमानाने भरत होता. बाकीचे तीन रकाने कोरे.

वडील काही बोलले नाहीत. ते शाळामास्तर, गाण्याचा गंध नाही. पण दुसऱ्या दिवशी रात्री गार्डभाऊंनी सुरू केलं आणि वडिलांनी रेडिओवर ऐकलेली वरची चाल हलक्या आवाजात गुणगुणायला सुरुवात केली. शब्द येत नव्हते, नुसतंच ‘अं अं’. तो सूर, खरं सांगायचं तर, आमच्या आरतीच्या दर्जाचा होता. तरी त्या रात्री पहिल्यांदा मला कळलं, की गार्डभाऊ इतके दिवस बेसूर गात नव्हते. ते बेस सूर गात होते. वरची चाल आल्याशिवाय तो सूर कशासाठी आहे, हेच कळत नाही. आई अंथरुणावर उठून बसली होती. ‘‘झोप न आता,’’ असं मला म्हणाली, आणि स्वतः ऐकत राहिली.

म्हणून मला १९४७ सालची हकिगत वाचताना बरं वाटत नाही. त्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत गांधीजींची प्रार्थना चालू असताना कुराणातल्या आयतीला काही जणांनी विरोध केला. देश पेटलेला होता. आयत गाळून बाकीची प्रार्थना करणं सगळ्यात सोपं होतं. गांधीजींनी आयत गाळली नाही, प्रार्थनाच थांबवली. एक रकाना कोरा ठेवून बेरीज करायची, तर ती बेरीज नाही, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता लावतो. काही संध्याकाळी असं झालं. मग विरोध मागे पडला आणि प्रार्थना पूर्ण झाली.

साहेब गेला. त्याचा पंथही, कागदोपत्री, आमच्या शेजारीच विसर्जित झाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन धरून सहा निरनिराळ्या चर्चसंस्था एकत्र आल्या आणि उत्तर भारताचं एकच चर्च झालं. सहा संस्थांचं विलीनीकरण! एका विलीनीकरणात आमची काय दशा झाली, ती मी सोसली आहे. पासबुक वेगळी, फॉर्म वेगळे, आणि सहा महिने प्रत्येक ग्राहक विचारी, ‘‘माझे पैसे आहेत न?’’ पैसे होते. तशी गाणीही राहिली. पाटी बदलली, गायची पुस्तकं लोकांनी टाकून दिली नाहीत.

लाइटचं गाणं दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या सांगता-सोहळ्यात, २९ जानेवारीच्या संध्याकाळी, १९५०च्या दशकापासून लष्कराचा बँड वाजवत असे. २०२२ साली ते काढलं आणि त्याजागी कवी प्रदीप यांचं शहीद जवानांचं गाणं आलं. नंतर आमच्या कॅश काउंटरवर चर्चा झाली. आमचे एक सहकारी म्हणाले, ‘‘बरंच झालं भाऊ. इंग्रजाचं गाणं काहून पाहिजे आपल्याला?’’

प्रदीप यांच्या गाण्याने माझेही डोळे भरतात. ते वाजवावंच. पण मी त्यांना इतकंच म्हटलं, ‘‘भाऊ, क्लिअरिंगला चेक आला की तो कोणत्या बँकेचा, हे आपण पाहतो. पण पैसे एकदा खात्यात जमा झाले, की ते कोणाचे?’’

‘‘ज्याच्या खात्यात आहेत त्याचे.’’

‘‘मग हे गाणं सेवाग्रामच्या खात्यात जमा होऊन किती वर्षं झाली?’’

ते विचारात पडले. तेवढ्यात पेन्शनरांची रांग आली आणि राष्ट्रीय प्रश्न जेवणाच्या सुट्टीपर्यंत तहकूब झाला.

सेवाग्राम आमच्या गावापासून जेमतेम आठ किलोमीटर. सहली भरभरून येतात. बापूकुटी पाहतात, चष्मा-चरख्याच्या गोष्टी ऐकतात, टेलिफोनच्या पेटीपुढे फोटो काढतात, आणि ड्रायव्हर घाई करतो म्हणून चार वाजता निघून जातात. खरी जिन्नस संध्याकाळी पिंपळाजवळच्या मैदानात असते. माझं ऐका, ड्रायव्हरला चहा पाजा आणि थांबा. सगळ्या भाषा येणार नाहीत. गाणं येणारच असंही नाही. पण शेजारचा वरची चाल म्हणत असेल, तर आपल्याला नुसतं खालून धरून ठेवता येतं. त्याला आवाज चांगला लागत नाही.